सलाईन का लावत नाही?

तुम्ही विचारलंत म्हणून लिहितो. आमच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात पावसाळाभर हा प्रश्न कानावर येतो. जुलाब-उलट्यांनी पोर मलूल झालेलं, आई चिखल तुडवत आलेली, आणि मी ओआरएसचं, म्हणजे साखर-मिठाच्या जलसंजीवनीचं, पाकीट पुढे करतो. "खाजगीत लगेच बाटली लावतात हो!"

लावतात. पण पोर पीत असेल तर सुई टोचायची गरज नसते. जुलाबातही आतडं साखर आणि मीठ मिळून आत घेत राहतं, त्यांच्यामागे पाणीही जातं. 1971 मध्ये पश्चिम बंगालमधल्या बनगावच्या निर्वासित छावणीत कॉलरा पसरला. सलाईन पुरेना, तेव्हा डॉ. दिलीप महालनबिस यांनी साखर, मीठ आणि खायचा सोडा पाण्यात कालवून नातेवाइकांकरवी पाजलं. तिथले मृत्यू सुमारे 30 टक्क्यांवरून 4 टक्क्यांच्या आत आले. म्हणून मी आईला समोर बसवून पाजायला लावतो. मोठं पाकीट असेल तर लिटरभर पाण्यात अख्खं, चमच्या-चमच्यानं. उलटी झाली तर दहा मिनिटं थांबून पुन्हा. शिवाय 14 दिवस झिंक. जुलाब थांबले तरी ते सोडायचं नाही.

पोर गुंगीत असेल, पिता येत नसेल, पोटाची कातडी चिमटीतून सोडल्यावर फारच हळू खाली बसत असेल, तर मात्र सलाईन मीच ताबडतोब लावतो.

पण बाटलीनं विहीर शुद्ध होत नाही. केसपेपरवर मी वाडी लिहितो आणि पाणी कुठलं तेही विचारतो. एकाच विहिरीवरचे तीन-चार पेशंट दिसले की आरोग्यसेवक तिकडे निघतो. पाण्यात ओटीचे, म्हणजे क्लोरीन तपासायच्या औषधाचे, थेंब टाकले आणि पिवळा रंग आला तर क्लोरीन आहे. रंग आला नाही, की आम्ही टीसीएलचं, म्हणजे पाण्यातले जंतू मारणाऱ्या ब्लीचिंग पावडरचं, पोतं बघतो. कितीदा तरी ते तोंड उघडं टाकलेलं, ओल लागून गठ्ठे झालेलं सापडतं. त्यातला क्लोरीन केव्हाच उडालेला असतो. याचा मला फार राग येतो. हजार लिटरला पाच ग्रॅम चांगली पावडर, एवढ्यानं पोरं आजारी पडायची वाचली असती.

नवी पावडर पडून रंग येईपर्यंत पाणी उकळूनच प्या. आशाताई हेच सांगत घरोघर फिरते. तिच्याकडेही ओआरएस असतं. रात्री जुलाब सुरू झाले तर सकाळच्या एसटीसाठी थांबू नका, आधी तिचं दार वाजवा.