थोरल्याचं काय चुकलं?

चर्चमध्ये मोठ्या माणसांचा वर्ग घेणाऱ्या प्रत्येकाने बायबलातल्या ‘प्रेषितांची कृत्ये’चा विसावा अध्याय अधूनमधून वाचावा. त्रोवस गावी प्रेषित पौल बोलायला उभा राहिला तो मध्यरात्र झाली तरी थांबेना. खिडकीत बसलेला युतुख नावाचा तरुण पेंगला आणि तिसऱ्या मजल्यावरून थेट खाली. लोकांनी उचलला तर मेलेला. पौलाने त्याला जिवंत केलं, वर गेला, आणि पहाटेपर्यंत पुन्हा बोलत राहिला! आमच्या हातात तशी काही शक्ती नाही, त्यामुळे मुळात कुणाला पेंगू न देणं हाच मार्ग उरतो.

आमच्या कोल्हापुरात ते सोपं नाही. वर्ग भरतो उपासनेनंतर. पाळकसाहेबांचा संदेश नुकताच झालेला, आणि रविवार असल्याने निम्म्या वर्गाचं चित्त घरच्या तांबड्या-पांढऱ्याकडे. त्यातून सगळ्यांना सगळं ठाऊक! लहानपणीच्या शब्बाथ शाळेपासून, म्हणजे रविवारच्या बायबल-वर्गापासून, येशूच्या बोधकथा, हेच दाखले, ऐकत आलेली माणसं ही. प्रश्न टाकला की ‘विश्वास’, ‘प्रार्थना’, ‘प्रभूची इच्छा’ यांतलं एक उत्तर हजर, आणि ते बहुधा बरोबरही असतं. अमेरिकन मिशनरी रॉयल वाइल्डर १८५२ साली इथे आले आणि त्यांनी शाळांवर भर दिला. गुरुजींनी विचारायचं, आपण पाठ केलेलं म्हणायचं, ही सवय तेव्हापासूनच आमच्या मंडळीत मुरली असावी, असा मला आपला संशय आहे.

माहीत असलेली गोष्ट कंटाळवाणी होते, हे मात्र खरं नाही. कीर्तनात आख्यान कुणाला नवं असतं? नगरकडच्या ख्रिस्ती लोकांनी एकोणिसाव्या शतकातच कीर्तन हाताशी धरलं, पुढे नारायण वामन टिळकांनीही. कीर्तनकार गोष्टीत अशा जागी थांबतो की श्रोत्याला वाटतं, आता माझ्यावरच येणार.

उधळ्या पुत्राच्या दाखल्यात ती जागा शेवटी आहे. धाकटा मुलगा बापाकडून आपली वाटणी मागून घेतो, ती उधळून परत येतो, बाप आनंदाने पुष्ट वासरू कापतो, आणि आपण ‘आमेन’ म्हणून घरी जातो. ही गोष्ट शुभवर्तमानात लिहिणारा लूक मात्र पुढे थोरल्याकडे वळतो. दिवसभर शेतात राबून आलेला हा माणूस गाणं-नाचणं ऐकून दारातच अडतो. इतकी वर्षं मी राबतोय, मला मित्रांबरोबर मजा करायला एक करडूसुद्धा दिलं नाहीत, म्हणतो. बाप बाहेर येऊन त्याची समजूत घालतो. तो आत गेला की नाही, हे लूक सांगतच नाही.

मी एवढंच विचारते, “थोरल्याचं काय चुकलं?” आणि गप्प बसते. हे गप्प बसणं सर्वांत अवघड. शिकवणाऱ्याची जीभ सारखी वळवळते.

मग मागच्या बाकावरून आवाज येतो, “बाई, वाटणी एकदा झाली की झाली. आता परत आल्यावर त्येला कुठनं देणार? थोरल्याच्याच वाट्यातनं न्हवं?” इथे निम्म्या घरांत सातबाऱ्यावरून भाऊ भावाशी बोलत नाहीत, उसाच्या बिलावरून चुली वेगळ्या झाल्यात. एरवी फक्त हजेरी लावणारे काका तावातावाने बापाचा पक्षपात सिद्ध करतात. एक मावशी विचारतात, “ह्या सगळ्यात आई कुठं हाय ओ?” यावर माझ्याकडे उत्तर नसतं, आणि वर्गाला त्याचा फार आनंद होतो.

काही जाणत्या वडीलधाऱ्यांना हे पटत नाही. वचन शिकवायचं सोडून भांडणं लावतेस, म्हणतात. शेवटी नीट तात्पर्य सांगावं, अशी त्यांची अपेक्षा. पण ज्या कथेला प्रभूने शेवट दिला नाही, तिला मी कोण देणार? फक्त वाद धाकट्या-थोरल्याचाच राहील, वर्गातल्या कुणाच्या घरावर घसरणार नाही, एवढं मात्र डोळ्यांत तेल घालून बघावं लागतं. एकदा नाव निघालं की पुढचे रविवार ते कुटुंब फिरकत नाही.

पुढच्या खेपेला मार्था आणि मरीया या बहिणींची गोष्ट घ्यायचा विचार आहे. एक पाहुण्यांच्या सरबराईत बुडालेली, दुसरी प्रभूच्या पायाशी ऐकत बसलेली. त्या दिवशी नेमकं प्रीतिभोजन आहे, म्हणजे भाकऱ्या बडवून आलेलं अख्खं स्त्रीमंडळ समोर असणार. मार्थेच्या बाजूने किती हात वर होतील याचा अंदाज आहे. पुरुषांकडून मात्र एकाने तरी तोंड उघडावं, मग तो माझ्याच घरातला असला तरी चालेल.