खडी पाहिजे, पण मोजून

आमच्या गावाशेजारच्या खदानीला लागून आणखी जमीन मागितलीय. परवा ग्रामसभेत विषय निघाला आणि दोन तास नुसता कल्ला झाला. माझं दुकान सिमेंट-सळईचं. खडी, कच, मुरूमही पोचवतो. त्यामुळं मी उभा राहिलो की मागून कुणीतरी म्हणणारच, "तुमचं काय जातंय, तुमचा तर धंदाच हाय." खरंय ते. म्हणून आधीच सांगतो, खदान बंद करा असं माझं म्हणणं नाही. १९९३ नंतर लातूर-धाराशिवातली बावन्न गावं नव्यानं वसली, ती काय हवेवर वसली?

पण सुरुंगाचं बोलायलाच पाहिजे. त्या वर्षी गणपती विसर्जनाच्या रात्री, पहाटे चारला चार मिनिटं कमी असताना किल्लारीची जमीन हादरली. आठ हजारांच्या आसपास माणसं गेली, बहुतेक दगड-मातीच्या भिंतींखाली. सुरुंगामुळं भूकंप होतो असं नव्हे, तशा अफवा कृपया पसरवू नका. पण मांडणीवरची भांडी वाजली की पन्नाशीपुढची माणसं आजही आधी अंगणात पळतात आणि मग म्हणतात, "खदानीचा व्हता." शेजारच्या मावशी सभेत एवढंच बोलल्या, "उडवायचा तर उडवा, पर टायम सांगून उडवा की." दोन तासांत याच्याइतकं शहाणपणाचं कुणी बोललं नाही.

दुसरी बाजूही हलकी नाही. हायवा, म्हणजे खडीचे मोठे टिपर, चालवणारी पोरं एका कोपऱ्यात बसली होती. त्यातला एकजण म्हणाला, "मामा, सोयाबीनच्या भावावर घर चालतंय का?" कुणाकडंच उत्तर नव्हतं. क्रशर येण्याआधी हातानं खडी फोडणाऱ्या वडार घरांचं तर कुणी नावही काढलं नाही.

तुरीवरच्या धुळीवर बरंच बोलणं झालं. पाण्यावर कमी झालं, ते मला खटकलं. आपला काळा पाषाण पाणी धरतो तो फटीत आणि वरच्या कुजक्या मुरमात. खदान पाण्याच्या पातळीखाली गेली की खड्ड्यात पाणी लागतं. मग इंजिन लावून ते उपसायचं, आणि शेजारच्या विहिरीनं तळ गाठायचा. २०१६ला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणलेल्या जिल्ह्यात हे आधी बोलायला हवं होतं.

माझा खरा मुद्दा मात्र वेगळाच आहे. वाढीव जमीन द्यायची की नाही यावर सगळे भांडतायत, पण आहे त्या खड्ड्यातून किती दगड गेला हे कुणी विचारत नाही. एक ब्रास म्हणजे शंभर घनफूट. रॉयल्टी, म्हणजे काढलेल्या दगडाचे सरकारला द्यायचे पैसे, ब्रासवर भरायची, गाडीला वाहतुकीचा पास घ्यायचा. पास चार ब्रासचा आणि हौद्यात सहा, हे या धंद्यात कुणाला नवीन नाही. महसूल खात्याला ईटीएस या मोजणीच्या इलेक्ट्रॉनिक यंत्रानं खड्ड्याची मोजणी करता येते. खड्डा भरतो किती ब्रासचा आणि रॉयल्टी भरली किती ब्रासची, वजाबाकी पोरं पाटीवर करतील. ती होईपर्यंत नव्या जमिनीचा विषय कशाला घ्यायचा?

हे बोललो तर टाळ्या कमी पडल्या. तेवढ्यात खदानवाल्यांकडून निरोप आला की मंदिराच्या सभामंडपाला खडी फुकट देऊ. अर्धी सभा तिथंच मऊ झाली. माझ्या दुकानातून जाणारी खडी होती ती, तरी सांगतो, फुकटची नको.

शेवटी ठराव पुढच्या सभेवर ढकलला. तोवर मोजणीचा अर्ज तहसीलला द्यायचाय. मसुदा दुकानात ठेवलाय, येऊन सह्या करा. ज्यांच्या विहिरी खदानीच्या अंगाला आहेत त्यांनी आत्ताच दोरी सोडून पाणी किती हातावर आहे ते तारखेसकट वहीत लिहा. भिंतीला तडा असेल तर फोटो काढताना शेजारी पट्टी धरा, म्हणजे वाढला की नाही ते कळेल. आणि मोजणीच्या दिवशी निदान दहा माणसं बांधावर हजर पाहिजेत. हायवावाली पोरंसुद्धा.