सांगलीचा पिनकोड : ४१६४१६

सांगली शहराचा पिनकोड ४१६४१६ आहे, आणि पाकिटावर तो लिहिणाऱ्याच्या एवढे तरी सहज लक्षात येते की त्यात तेच तीन अंक त्याच क्रमाने दोनदा येतात. १५ ऑगस्ट १९७२ पासून लागू झालेल्या या पद्धतीत पहिले तीन अंक टपालाच्या वर्गीकरण जिल्ह्याचे आणि शेवटचे तीन त्यातील टपाल कार्यालयाचे असतात. त्यामुळे ४१६ ने सुरू होणाऱ्या सर्व कोडांत अशी संख्या एकच असू शकते, आणि ती आमच्या वाट्याला आली. (ही पद्धत आखणारे श्रीराम भिकाजी वेलणकर हे संस्कृतचे पंडित आणि कवी होते, याचा मला नेहमीच आनंद वाटतो.)

तीन अंकी संख्या दोनदा लिहिणे म्हणजे तिला १००१ ने गुणणे, कारण ती एकदा हजारपट होऊन पुढे बसते आणि एकदा आहे तशीच मागे राहते. १००१ म्हणजे ७ × ११ × १३. म्हणून ४१६४१६ ला ७ ने भागले की ५९४८८ येतात, त्यांना ११ ने भागले की ५४०८, आणि त्यांना १३ ने भागले की पुन्हा ४१६ हाती येतात; बाकी कुठेच उरत नाही. इथपर्यंतचे श्रेय १००१ चे आहे, कारण २७५२७५ घेतले तरी हेच घडेल. परंतु ४१६ ला आणखी एकदा १३ ने भाग जातो आणि ३२ उरतात, म्हणजे दोनाचा पाचवा घात. हे मात्र या संख्येचे स्वतःचे आहे. तिच्या मूळ अवयवांत २ पाच वेळा, ७ व ११ एकेकदा आणि १३ दोनदा येतात, आणि त्यावरून ६ × २ × २ × ३ असे तिचे एकूण ७२ विभाजक निघतात.

तिच्या अंकांची बेरीज २२ होते आणि २२ ने तिला निःशेष भाग जातो, भागाकार १८९२८. अशा संख्यांना देवळालीचे गणिती द. रा. कापरेकर यांनी ‘हर्षद संख्या’ म्हटले. मिरजेच्या ४१६४१० या कोडाच्या अंकांची बेरीज १६ आहे आणि तिने भाग जात नाही. अर्थात हर्षद असणे हे आपण दशमान पद्धतीत लिहितो यावर अवलंबून आहे. संख्या दुसऱ्या पद्धतीत लिहिली तर हा गुण टिकेलच असे नाही, विभाजक मात्र ७२ च राहतील.

म्हणूनच मला सर्वांत मोलाची वाटते ती शेजारच्या विश्रामबागेच्या ४१६४१५ या कोडाशी असलेली तिची जोडी. लागोपाठच्या दोन संख्यांना १ खेरीज सामाईक विभाजक नसतो, हे सर्वांना ठाऊक असते; पण ४१६४१५ चे अवयव पाडले तर ३, ५, १७, २३ आणि ७१ मिळतात, म्हणजे सांगलीच्या संख्येत नसलेले ३ आणि ५ नेमके विश्रामबागेत सापडतात, आणि १७ सुद्धा. दोन्ही संख्या मिळून २ पासून १७ पर्यंतची एकही मूळ संख्या सुटत नाही. पहिली सुटते ती १९ : तिने भागल्यास विश्रामबागेची बाकी ११ उरते आणि सांगलीची १२.