टेरिटोरियल आर्मीचा अर्ज आणि माझं ऑफिस

टेरिटोरियल आर्मीत, म्हणजे लष्कराच्या अर्धवेळ राखीव फौजेत, अधिकारी व्हायला नोकरी सोडावी लागत नाही. उलट नोकरी किंवा धंदा असावाच लागतो. वय 18 ते 42, पदवी आणि स्वतःची कमाई. मी बॅलार्ड इस्टेटमधल्या एका कस्टम क्लिअरिंग कंपनीत आहे, तेव्हा अटींत बसत होतो. उत्पन्नाचं प्रतिज्ञापत्र किल्ला कोर्टाबाहेरच्या नोटरीकडून करून घेतलं, अभ्यास लोकलमध्ये केला, लेखी परीक्षा पार पडली.

अडलं ते ऑफिसात.

"दरवर्षी दोन महिने ट्रेनिंग?" साहेब म्हणाले. "ऐन मार्चएंडला कॅम्प लागला तर बिल ऑफ एंट्री, आयात मालाचे कस्टमचे कागद, कोण भरणार?" प्रश्न रास्त होता. एचआरच्या मॅडमचा त्याहून अवघड: "आणि बोलावणं वर्षभर लांबलं तर?"

मे 2025 ची बातमी त्यांच्या लक्षात होती. तेव्हा सरकारनं लष्करप्रमुखांना टेरिटोरियल आर्मीतला कुणीही अधिकारी-जवान सेवेत बोलावण्याचा अधिकार दिला आणि 32 पैकी 14 इन्फंट्री बटालियन फेब्रुवारी 2028 पर्यंत तैनात करायला मंजुरी दिली. त्याच आदेशात पैशाचीही अट आहे: बजेटात तरतूद असेल किंवा बचतीतून रक्कम वळवता येईल तरच बटालियन बोलवायची, दुसऱ्या मंत्रालयानं मागितली तर खर्च त्या मंत्रालयाचा. म्हणजे पैशाचा विचार दिल्लीत झालेला आहे. माणूस कामातून मोकळा कसा होणार, हे मात्र ज्याचं त्यानं आपल्या ऑफिसात जुळवायचं. राखीव फौजेची निम्मी तयारी इथंच अडते असं माझं ठाम मत झालंय.

मी 1948 च्या टेरिटोरियल आर्मी कायद्याचं कलम 7A छापून नेलं. लष्करी सेवेसाठी बोलावलेल्या माणसाला परतल्यावर पुन्हा कामावर घेणं, तेही आधीपेक्षा कमी नाही अशा अटींवर, हे मालकाचं कर्तव्य आहे. मॅडमनी ते उभ्याउभ्याच वाचलं, मग खुर्ची ओढून पुन्हा वाचलं. "हे आम्हाला कुणी सांगितलंच नव्हतं," म्हणाल्या.

त्यानंतर बोलणं रजेवरून कामाच्या वाटणीवर आलं. न्हावाशेवा बंदराची माझी खाती दोघांत विभागली, ग्राहकांचे फोन कुणी घ्यायचे ते ठरलं, आणि बोलावणं लांबलं तर कंत्राटी माणूस घ्यायचा हे मॅडमनी लेखी दिलं.

प्राथमिक मुलाखत झाली. आता सर्व्हिसेस सिलेक्शन बोर्डाची, म्हणजे लष्करी अधिकारी निवडणाऱ्या मंडळाची, तारीख आलीय, मेडिकल त्यानंतर. साहेबांनी रजा मंजूर केलीय, आणि माझी जागा सांभाळणारी ज्युनिअर या आठवड्यापासून माझ्या शेजारी बसून कस्टम ड्युटीची गणितं शिकतेय.