तुम्ही विचारलंत म्हणून: "बाई, एखादं चांगलं ॲप सांगा ना"

लग्नाच्या पंगतीत विचारतात, बँकेच्या रांगेत विचारतात. परवा मी आ वासून खुर्चीत बसलेली असताना दातांच्या डॉक्टरांनी विचारलं, "बाई, आमचं धाकटं दुसरीत गेलंय. वाचनाचं, गणिताचं एखादं चांगलं ॲप सांगा ना." तोंडात कापसाचे बोळे होते, म्हणून नुसता हुंकार भरला. तो त्यांना होकार वाटला असणार.

नवे शिक्षकही विचारतात. "मॅडम, वर्गात काय काय वापरता? लिंक टाका." पूर्वी मी टाकायचे, न विचारताही टाकायचे. आता टाळते, तर 'मॅडमना कंटाळा आलाय', 'मॅडम जुन्या वळणाच्या झाल्या' इथपर्यंत बोलणं कानावर आलं. तेव्हा एकदाचं सगळं लिहूनच टाकते. पुढच्या वेळी कुणी विचारलं की हेच पुढे सरकवता येईल.

आधी सोलापूरचं. पुण्या-मुंबईच्या नातेवाइकांना माढा तालुक्यातली परितेवाडी माहीत झाली ती २०२० च्या डिसेंबरात, तिथल्या शाळेतल्या, पुस्तकांत क्यूआर कोड आणणाऱ्या रणजितसिंह डिसले सरांना ग्लोबल टीचर प्राइझ मिळालं तेव्हा. दहा लाख डॉलरचा पुरस्कार, आणि त्यातले निम्मे त्यांनी अंतिम यादीतल्या उरलेल्या नऊ शिक्षकांना वाटून दिले. अभिमान वाटला, आजही वाटतो. पण तेव्हापासून 'सोलापूरच्या शिक्षिका' म्हटलं की समोरचा माझ्या पर्समध्ये क्यूआर कोड शोधायला लागतो. आमची शाळा शहराच्या पूर्व भागात आहे. एका भिंतीपलीकडे यंत्रमागाचा कारखाना, दुसऱ्या बाजूला विडी कामगारांची घरं. वर्गातल्या निम्म्या मुलांच्या घरी तेलुगू बोलतात, दोन-चार घरी कानडी, आणि शाळा मराठी माध्यमाची. हे इथल्या माणसाला सांगावं लागत नाही, बाहेरच्याला सांगून कळत नाही.

आता माझ्या फोनमधली ॲप्स. सगळ्यात वर आहेत ती हजेरीची आणि पोषण आहाराच्या रोजच्या आकड्यांची. मग यू-डायसची, म्हणजे शाळेच्या सरकारी नोंदींची माहिती, आधार जुळत नसलेल्या मुलांची यादी, आणि 'आज पाचपर्यंत भरा' असं लिहून येणाऱ्या लिंका. किती मुलं जेवली हे वेळेत कळवलं नाही तर वरून फोन येतो. किती मुलांना वाचता येतं हे विचारायला कुणी फोन केल्याचं मला आठवत नाही. शिक्षकाला ऑनलाइन साधनांचा कंटाळा का येतो, याचं निम्मं उत्तर इथेच आहे, आणि ते ऐकायला कुणाला वेळ नसतो.

मुलांसाठीचं म्हणाल तर दीक्षा हे सरकारी ॲप आहे, २०१७ पासून. बालभारतीच्या पुस्तकातल्या कोडवर कॅमेरा धरला की त्या पाठाचं साहित्य उघडतं. काही व्हिडिओ खरंच चांगले आहेत, काहींत एखादी बाई फळ्यापुढे उभी राहून तोच पाठ वाचते. त्यासाठी मी आहेच की. गणिताला फेट (PhET) वापरा, म्हणजे पडद्यावर स्वतः करून बघायचे प्रयोग, सिम्युलेशन्स. भौतिकशास्त्राचे नोबेलविजेते कार्ल वीमन यांनी २००२ मध्ये कोलोरॅडो विद्यापीठात ते सुरू केलं. त्यातली बरीच सिम्युलेशन्स मराठीत आहेत, आणि उतरवून ठेवली की नेट नसतानाही चालतात. अपूर्णांकाच्या खेळात मूल स्वतः छेद वाढवतं आणि समोरचे तुकडे बारीक होत जातात. 'छेद मोठा म्हणजे अपूर्णांक मोठा' हा चौथीतला हट्टी गैरसमज माझ्या खडूनं वर्षानुवर्षं हलला नव्हता, तो ह्यानं हलला. अरविंद गुप्तांची साइट तुम्हाला माहीतच असेल. काड्यापेटीची, कागदाची खेळणी आणि मराठीतली कितीतरी पुस्तकं फुकट आहेत. पुढे जाते.

प्लिकर्स या वर्गात प्रश्न विचारायच्या ॲपपाशी मात्र थांबते, कारण त्याला मुलांच्या हातात फोन लागत नाही. प्रत्येक मुलाला एक कागदी कार्ड द्यायचं. त्यावर काळी-पांढरी नक्षी असते आणि चार बाजूंना ए, बी, सी, डी अगदी बारीक अक्षरात. उत्तर 'बी' असेल तर 'बी'ची बाजू वर करून कार्ड धरायचं. मी दारात उभी राहून फोनचा कॅमेरा वर्गावरून फिरवते आणि कुणी काय उत्तर दिलं ते नावासकट माझ्या फोनवर येतं. प्रत्येक कार्डाची नक्षी वेगळी, त्यामुळे शेजाऱ्याचं बघून काही कळत नाही. मी एकदा तीनशेमधून एकशे सत्तावीस वजा करायला दिले. निम्म्या वर्गानं २२७ उत्तर दिलं: वरच्या शून्यातून सात जात नाहीत ना, मग सातातून शून्य काढलं. तोंडी विचारलं असतं तर पहिल्या बाकावरचा पोरगा '१७३' म्हणून ओरडला असता, बाकीच्यांनी 'होऽऽ' केलं असतं आणि मी पुढच्या गणिताकडे वळले असते. एक सूचना: कार्डं टिकावीत म्हणून लॅमिनेट करू नका. ट्यूबलाइटची चमक पडते आणि कॅमेऱ्याला नक्षी दिसत नाही. साध्या कागदावर छापा आणि मागे पुठ्ठा चिकटवा.

झाली यादी. बहुतेकांना एवढंच हवं असतं, त्यांनी इथे थांबलं तरी चालेल.

पण तुमच्यातले निम्मे विचारतात ते वाचनाच्या ॲपबद्दल, आणि मी गप्प होते ती तिथेच. ॲपचं नाव घेत नाही, कारण भांडण त्याच्याशी नाही. मूल पडद्यावरची गोष्ट मोठ्यानं वाचतं, फोन ऐकतो. शब्द बरोबर आला तर रंग बदलतो, नाही आला तर खाली रेघ येते आणि फोन तो शब्द स्वतः म्हणून दाखवतो. पानाच्या शेवटी स्टार मिळतात. मला हे फार आवडलं होतं. पालकसभेत मी उभी राहून सांगितलं होतं, "तुम्हाला स्वतःला मराठी वाचता येत नसलं तरी काळजी करू नका. फोन ऐकेल. चुकलं तर सांगेल, बरोबर आलं तर स्टार देईल." आया खूश झाल्या होत्या. कितीतरी जणींच्या फोनमध्ये मीच ते ॲप टाकून दिलं.

आणि ते चाललं, हे नीट ऐका. एक पोरगा वर्गात तोंड उघडायचा नाही, अडखळला की मुलं हसायची. फोन हसत नाही. तो घरी पांघरुणात शिरून वाचायचा, असं त्याची आई सांगायची. दिवाळीनंतर त्यानं परिपाठात बातम्या वाचल्या. मी ॲपच्या विरोधात आहे असं ज्यांना वाटतं, त्यांना त्या पोराला भेटवेन.

त्याच वर्गात, तिसरीत, एक मुलगी होती. घरी तेलुगू. वडील मागावर, आई विड्या वळायची. मुलीचं वाचन चांगलं, एका दमात पान संपवायची. फक्त घ, भ, ख तिच्या तोंडून हलके यायचे. 'घर'चं 'गर', 'भात'चा 'बात'. पूर्व भागात हे कुणाच्या कानाला खटकतसुद्धा नाही. वाचताना शब्द डोळ्यांनी ओळखला की झालं. जीभ घरचीच राहते आणि सावकाश बदलते, किंवा नाही बदलत.

एक दिवस मधल्या सुट्टीत तिची आई आली. वळलेल्या विड्या द्यायला कारखान्यात निघाली होती, हातात पिशवी. दारातूनच म्हणाली, "बाई, हिला वाचायला येत नाही ओ."

"कोण म्हणतं?"

"फोन नाही म्हणलालंय."

मला हसू आलं. व्हरांड्याच्या पायरीवर दोघींना बसवलं आणि पोरीला म्हटलं, वाच बरं. तिनं फोन गुडघ्यावर धरला. पहिली ओळ नीट गेली. दुसऱ्या ओळीत 'घर' आलं. ती म्हणाली 'गर'. रेघ आली. तिनं पुन्हा म्हटलं, पुन्हा रेघ. मग फोनमधल्या बाईनं स्वच्छ, गोड आवाजात 'घर' म्हटलं. पोरगी जरा मोठ्यानं म्हणाली, 'गर!' तिसरी रेघ. चौथ्यांदा ती बोललीच नाही. तिनं माझ्याकडे बघितलं नाही, आईकडे बघितलं. आणि आई मला म्हणाली, "बघा."

मी आतून पुस्तक आणलं, पुढ्यात ठेवलं. तेच शब्द, तसाच धडा. तिला 'घर' कुठंय विचारलं तर तिनं चित्रातल्या घरावर बरोबर बोट ठेवलं. वाचायला लागली. पण आता प्रत्येक शब्दाआधी थांबायची, आणि घ आला की आवाज गिळायची. हीच पोरगी मागच्या आठवड्यात पान संपवून 'पुढचं वाचू?' म्हणत होती. मी आईला म्हटलं, "बघा, येतंय ना?" ती म्हणाली, "पुस्तक काय बाई, गप बसतंय. फोनला कळतंय."

मग मी स्वतः फोन हातात घेतला आणि वाचलं. पलीकडे माग खडखडत होतेच. माझ्याही एका शब्दाखाली रेघ आली. मी मोठ्यानं हसले, आईला म्हटलं, "बघा, माझंही चुकवतोय!" वाटलं, संपलं आता. पोरगी हसली नाही. आई फोन पिशवीत टाकत म्हणाली, "तुमचं वेगळं ओ बाई." आणि जाता जाता विचारलं, "हिला तेलुगू शाळेत घालू का?" महापालिकेच्या तेलुगू शाळा आहेत आमच्याकडे, तो काही वेडा प्रश्न नव्हता. पण तिसरीत उत्तम मराठी वाचणारी मुलगी, एका रेघेपायी.

नंतर सहकाऱ्यांत चर्चा झाली. एक म्हणाले, मागाचा आवाज. दुसरे म्हणाले, फोन जुना, माइकमध्ये धूळ. तिसरी म्हणाली, उच्चार. बंद खोलीत, माझ्या फोनवर पुन्हा करून बघू म्हटलं, तर पोरगी बसायलाच तयार होईना. त्यामुळे नेमकं काय ते मला आजही सांगता येणार नाही.

पुढे मी स्टोरीवीव्हर या मुलांच्या गोष्टींच्या साइटकडे वळले. प्रथम बुक्स या प्रकाशन संस्थेनं २०१५ मध्ये सुरू केलेलं आहे, आणि आमच्यासारख्या शहरासाठी याहून कामाचं मला काही सापडलेलं नाही. एकच गोष्ट मराठीत मिळते, तेलुगूत, कानडीत, उर्दूतही. खुला परवाना आहे, छापायला कुणाला विचारावं लागत नाही. मी एका गोष्टीच्या मराठी आणि तेलुगू प्रती काढून त्या मुलीच्या घरी पाठवल्या, कारण तिची आजी लहानपणी तेलुगू शाळेत गेलेली. आजीचा निरोप आला: हे तेलुगू आंध्रातलं आहे, आमचं असं नसतं. तरी तिनं वाचलं म्हणे, चष्मा लावून, आणि नातीनं मराठीतलं वाचून दाखवलं. पोरीचा घरचा आवाज परत आला. वर्गातला पूर्ण आला असं मी म्हणणार नाही.

म्हणजे सभेत मी बोलले ते खोटं होतं का? मी स्वतःशी हे फार भांडले आहे. तेव्हाची मी म्हणते: बाई, रात्रपाळीच्या घरात मुलाचं वाचन ऐकायला कुणी नसतं, तू काय सगळ्यांच्या पायरीवर जाऊन बसणार आहेस? खरं आहे. पांघरुणात वाचणारा पोरगा त्या फोनमुळेच बोलता झाला. मग आताची मी म्हणते: 'फोन ऐकेल' हे ठीक होतं, 'चुकलं तर सांगेल' हे कशाला म्हणालीस? त्यावर तेव्हाची मी उसळते: त्याशिवाय त्या आयांनी ॲप टाकून घेतलं असतं का? इथे दोघी गप्प होतो. चूक माझी होती असं मी कबूल करणार नाही. माझी नव्हतीच असंही म्हणवत नाही.

हल्ली मी काय करते, तर ज्यांच्या घरी मराठी बोलतात त्यांना ॲप टाकून देते, बाकीच्यांना छापील गोष्टी. आमच्या शाळेतले एक तरुण गुरुजी म्हणतात, "मॅडम, हा भेदभाव झाला. तेलुगू घरातल्या मुलांनी काय पाप केलंय?" बोलायला सोपं आहे, पण मला ते खोडता आलेलं नाही. उलट ज्या घरात मराठी ऐकायला कुणीच नाही, त्याच घराला ऐकणारा फोन हवा, हेही खरंच.

शनिवारी पालकसभा आहे. एका वडिलांनी आधीच फोन करून ठेवलाय. घरी कानडी, मुलगा दुसरीत, 'ते स्टारवालं टाकून द्या'. बहुधा देईन. देताना विचारणार आहे की पहिले काही दिवस मुलगा वाचेल तेव्हा शेजारी कोण बसेल. कुणी नाही म्हणाले तर काय करायचं, ते मला अजून सुचलेलं नाही.