कडक औषध

कुठल्याही गावात गेलो, चार माणसांशी बोलणे झाले आणि निघायची वेळ आली, की कुणीतरी बाजूला घेऊन मला एकच प्रश्न विचारते: “भाऊ, दुकान बुडाले, जीव जाता जाता राहिला, आता घरचे पाच एकर सांभाळायचे सोडून तुम्ही फवारणीवाल्यांच्या मागे का फिरता?” उभ्या उभ्या याचे उत्तर देता येत नाही, म्हणून मी ते बहुतेकदा टाळत आलो. तुम्ही विचारलेत म्हणून एकदा नीट लिहून काढतो.

घाटंजी तालुक्यात माझे कृषी केंद्र नऊ वर्षे चालले. आमच्याकडे कीटकनाशकाला कुणी कीटकनाशक म्हणत नाही, औषध म्हणतात. कास्तकार सकाळी पऱ्हाटीचे, म्हणजे कपाशीचे, एखादे पान खिशातून काढून काउंटरवर ठेवायचा आणि म्हणायचा, “भाऊ, जरा कडक औषध द्या.” मी पान उलटून पाहायचो, मावा आहे, तुडतुडा आहे की पांढरी माशी हे सांगायचो आणि एकाच्या जागी दोन औषधे व वर एक टॉनिक अशी मिसळ हातात ठेवायचो. बाटलीसोबत बारीक अक्षरांचे, घडी घातलेले एक माहितीपत्रक येते; ते मी एकाही गिऱ्हाइकाला उघडून दाखवले नाही, कारण मी स्वतःच ते कधी उघडले नव्हते. हे लिहिताना मला लाज वाटते, पण हे वगळले तर पुढचे काहीच कळणार नाही.

धंदा सगळा उधारीचा होता. जूनपासून चोपडीत लिहीत जायचे आणि दिवाळीनंतर कापूस विकला गेला की वसूल करायचे. मीही वितरकाकडून माल तसाच उचलायचो. म्हणजे माझे दुकान माझ्या गाळ्यात नव्हते, ते लोकांच्या वावरातल्या बोंडांवर उभे होते. 2017 साली त्या बोंडांत गुलाबी अळी शिरली. 2006 साली बाजारात आलेले दोन जनुकांचे बीटी बियाणे या अळीला रोखेल या भरवशावर आम्ही सगळे निर्धास्त होतो, आणि जानेवारी-फेब्रुवारीनंतरही फरदड, म्हणजे हंगाम संपल्यावर न उपटलेली पऱ्हाटी, उभी ठेवून आम्हीच तिला वर्षभर खाऊ घालत होतो. फुलांच्या पाकळ्या गुलाबाच्या कळीसारख्या मिटून राहिलेल्या, म्हणजे डोमकळ्या, दिसू लागल्या तेव्हा उशीर झालेला होता. बोंड फोडले की आत कवडी झालेला, म्हणजे किडून घट्ट चिकटलेला, कापूस. माझ्या चोपडीत तेव्हा चौदा लाखांची उधारी होती. ज्याच्या घरात वेचणीची मजुरी द्यायला पैसा नव्हता, त्याच्या दारात वसुलीला उभे राहणे मला जमले नाही आणि वितरकाला थांबणे जमले नाही. दोन एकर वावर आणि बायकोचे दागिने विकून मी देणे फेडले आणि 2018 च्या मे महिन्यात शटर ओढले.

त्याच 2017 च्या खरिपात आमच्या यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक माणसे दगावली आणि शेकडो रुग्णालयात दाखल झाली. आमच्या गावातले दोघे त्यांत होते. दोघेही मजूर, दुसऱ्याच्या वावरात टाकीमागे ठरलेल्या पैशांवर फवारायचे, आणि दोघांच्याही पाठीवरच्या पंपात माझ्या काउंटरवरून गेलेली बाटली होती. दोघे जिवंत परत आले. मी त्यांना भेटायला गेलो नाही. आपल्याला कुणी बिलाची प्रत मागेल, एवढीच धास्ती तेव्हा माझ्या मनात होती.

पुढच्या वर्षी सप्टेंबरात मजूर लावायला पैसे नव्हते, म्हणून मी स्वतः पंप पाठीवर घेतला. पऱ्हाटी डोक्याला लागत होती, हवा कोंडलेली होती आणि दुकानातला उरलेला माल मी त्याच जुन्या सवयीने मिसळला होता. पंपाचे झाकण गळत होते. पाठीवरचा सदरा ओला झाला तो घाम समजून मी चालत राहिलो. मध्येच नोझल तुंबले तेव्हा तोंडाने फुंकले, आणि धुऱ्यावर (बांधावर) बसून त्याच हाताने तंबाखू-सुपारीचा खर्रा खाल्ला. दुपारी तोंडाला लाळ सुटली, डोळ्यांपुढची फुले धुरकट झाली आणि पाय उचलेनात. बायकोने विहिरीवर नेऊन सदरा फाडून काढला, साबण लावून अंग धुतले आणि निघताना रिकामी बाटली पिशवीत टाकली. हे तिला कुणी शिकवले होते, असे मी नंतर विचारले. आदल्या वर्षी त्या दोघांपैकी एकाच्या घरी ती गेली होती. मी गेलो नव्हतो.

जिल्ह्याच्या ठिकाणच्या रुग्णालयात पहिला प्रश्न आला, “औषध पिले का?” आमच्या भागात कर्जबाजारी माणूस अशा अवस्थेत आला की प्रत्येकाला तेच वाटते. तिने बाटली पुढे केली आणि फवारणी, फवारणी एवढेच सांगत राहिली. माझ्या डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या झाल्या होत्या. अ‍ॅट्रोपीन हा विषावरचा उतारा सुरू झाला, आणि त्या औषधाच्या भ्रमात मी दोन दिवस चादर चिमटीत धरून काहीतरी ओढत होतो. ती सांगते, “तुमी चादरीवरचा कापूस वेचून रायले होते.” तिसऱ्या दिवशी मला उशीवरून मान उचलता येईना, मग श्वास उथळ झाला आणि सहा दिवस व्हेंटिलेटरवर काढावे लागले. दुकान बंद झाले त्या उन्हाळ्यात मरणाचा विचार मनाला शिवलाच नव्हता, असे मी म्हणणार नाही. पण यंत्राची नळी लावण्याआधी, हवा आत येत नव्हती तेव्हा, मी तिचा हात इतका घट्ट धरला होता की तिची बांगडी फुटली. त्या क्षणी मला काय हवे होते याबद्दल मला तेव्हापासून शंका राहिली नाही.

घरी आल्यावर अशक्तपणामुळे महिनाभर खाटेवर होतो. गाळ्यातून आणलेल्या खोक्यांत ती माहितीपत्रके होती; भिंग घेऊन मी ती एकेक वाचली. विषबाधेची लक्षणे, प्रथमोपचार, उतारा, सारे त्यात छापलेले होते. बाटलीवरच्या रंगीत त्रिकोणाचा अर्थही तेव्हा कळला: लाल सर्वांत जहाल, मग पिवळा, निळा आणि शेवटी हिरवा. नऊ वर्षे मी लाल त्रिकोण विकत होतो आणि त्याला औषध म्हणत होतो. चालायला लागलो तेव्हा सर्वांत आधी त्या दोन मजुरांच्या घरी गेलो.

तेव्हापासून जुलै ते ऑक्टोबर मी सकाळी सहाला निघतो. सभा भरवून फारसे साधत नाही. फवारणारा माणूस सभेला येत नाही, तो वावरात असतो, म्हणून धुऱ्यावरच गाठतो. हातमोजे आणि मास्क घालाच, असे आधी मीही सांगायचो. पण भाद्रपदातल्या उकाड्यात मास्क लावून दिवसाच्या वीस टाक्या मारता येत नाहीत, आणि न जमणारी गोष्ट सांगणाऱ्याच्या इतर गोष्टीही माणूस ऐकत नाही. म्हणून आता जे जमते ते सांगतो: पंप गळतो का ते आधी साध्या पाण्याने पाहा, वाऱ्याच्या दिशेने चाला, ड्रममधले पाणी काठीने ढवळा, नोझल तारेने नाही, तोंडाने तर मुळीच नाही, जुन्या ब्रशने साफ करा, खर्रा घरी ठेवा. विष फक्त नाकातोंडातून जाते असे बहुतेकांना वाटते, ते ओल्या सदऱ्यातून कातडीत जाते हे सांगितले की माणूस पहिल्यांदा थांबून ऐकतो. मालकांना मी वेगळे सांगतो: धुऱ्यावर साबण आणि पाण्याची घागर ठेवा, एकरी दोन कामगंध सापळे (मादीच्या वासाने नर पतंगांना ओढणारे) लावा आणि सलग तीन रात्री प्रत्येक सापळ्यात आठ-आठ पतंग दिसेपर्यंत गुलाबी अळीसाठी पंप काढूच नका. माझ्या पाच एकरांत सुरुवातीच्या फवारण्या निंबोळी अर्काच्या असतात. पाच किलो निंबोळ्या कुटून शंभर लिटर पाणी. पैसा यात मला मिळत नाही आणि घर शेतीवरच चालते.

उधारीच्या चोपडीची मागची पाने कोरी होती. त्यांवर मी आता फवारणाऱ्यांची नावे लिहितो, कुणी कोणत्या दिवशी काय फवारले आणि रात्री डोके दुखले का, मळमळले का. ज्याचे दुखले त्याच्या घरी दुसऱ्या दिवशी जातो.

त्या दोघांपैकी एक जण आता माझ्यासोबत फिरतो आणि माझ्यापेक्षा चांगले बोलतो. दुसऱ्याला अजून डोळ्यांनी नीट दिसत नाही. तो माझ्याशी बोलत नाही. त्याचा मुलगा यंदा पहिल्यांदा फवारणीला जाणार आहे. पंप तपासून घ्यायला तो परवा माझ्या घरी आला होता, झाकणाची रबरी चकती झिजलेली निघाली, ती मी बदलून दिली.