धंदा करून समाजसेवा होते का?

महिन्याकाठी एक तरी जण हा प्रश्न घेऊन माझ्या टेबलासमोर बसतो. बहुतेक तिशीतले, पुण्या-मुंबईची नोकरी सोडून नाशिकला परतलेले. "सर, गावातल्या बायकांना काम द्यायचंय, शेतात विष ओतायचं नाही, आणि चार पैसेही सुटले पाहिजेत. ट्रस्ट काढू की कंपनी?" मी सीए. मी उलट विचारतो, ३१ मार्चला पैसे उरले तर ते कोणाचे? मग पंख्याचा आवाज ऐकू येतो. तोटा कसा सोसायचा हे सगळ्यांनी ठरवलेलं असतं. नफ्याचं कोणीच नाही.

माझी आत्या मुंबईत लिज्जतचे पापड लाटायची. सकाळी केंद्रावर कालचे वाळलेले पापड वजन करून द्यायचे, त्याचे पैसे घ्यायचे, आणि भिजवलेलं पीठ डब्यात घालून घरी आणायचं. दुपारी पाय ठेवायला जागा नसे. आम्ही लाटी पळवली की धपाटा ठरलेला. "कामाला जातेस ना गं तिथे?" असं शेजारणीने म्हटलं की ती उसळायची, "कामाला नाही, आमचंच आहे ते!" मला ती बढाई वाटायची. ती बढाई नव्हती. १९५९ साली गिरगावातल्या एका गच्चीवर सात गुजराती बायकांनी ८० रुपये उसने घेऊन हे सुरू केलं. देणगी घ्यायची नाही आणि लाटणारी प्रत्येक बहीण मालकीण, हा नियम. त्या सातजणींपैकी जसवंतीबेन पोपट यांना २०२१ मध्ये पद्मश्री मिळाली. आत्याच्या भाषेत, "आमच्या बेनला."

आता कायद्याचं. कलम ८ ची कंपनी, म्हणजे कंपनी कायद्याच्या त्या कलमाखाली समाजकार्यासाठी काढलेली कंपनी. तिला नफा करता येत नाही, हा गैरसमज. खुशाल करा, फक्त लाभांश वाटता येत नाही; उरेल ते उद्देशासाठीच वापरायचं. उत्पादक कंपनी, म्हणजे शेतकऱ्यांसारख्या उत्पादकांनी एकत्र येऊन काढलेली, ती वेगळी: किमान १० उत्पादक, कितीही शेअर असले तरी माणशी एकच मत, आणि बोनस ज्याने जितका माल घातला त्या मानाने. बाहेरच्याला तिथे शेअर घेता येत नाही. म्हणून २०२२ मध्ये आमच्या इथल्या सह्याद्री फार्म्स या शेतकऱ्यांच्या उत्पादक कंपनीकडे परदेशातून ३१० कोटी आले, ते उपकंपनीत आले. शेतकऱ्यांची मूळ कंपनी शेतकऱ्यांचीच राहिली. मला ही युक्ती फार आवडते.

साधी प्रायव्हेट लिमिटेड काढलीत, तर उद्देशात कितीही गोड लिहा, शेवटी मत शेअरवाल्यांचंच. अमेरिकेतल्या बेनिफिट कॉर्पोरेशनसारखा, म्हणजे नफ्याबरोबर समाजहितही कायद्याने बांधून घेणाऱ्या कंपनीचा, वेगळा प्रकार आपल्या कंपनी कायद्यात नाही. माझ्याच एका अशिलाने कापडी पिशव्या शिवणाऱ्या बायकांसाठी अशी कंपनी काढली. मनापासून काढली, मी साक्षीला आहे. तिसऱ्या वर्षी गुंतवणूकदार आला आणि पहिली कात्री शिलाईच्या दराला लागली. बायकांना मत नव्हतंच. कागद मीच केले होते, ते अजून टोचतं.

परवा एक जोडपं नाचणीच्या लाडवांचा डबा घेऊन आलं. दोन खाल्ले, तिसरा घेता घेता माझा प्रश्न विचारला. ती म्हणाली, "आमचे." तो म्हणाला, "बायकांचे." म्हटलं, घरी जा, भांडून या. फी नंतर बघू. डबा मात्र राहू दे.